डॉ. मन्रो वॉल : झाडाच्या सालीतून कॅन्सरचे औषध शोधणारे शास्त्रज्ञ



ज्या घरात कॅन्सरचा पेशंट असतो, तिथे 'टॅक्सॉल' किंवा 'पॅक्लिटॅक्सेल' हे नाव कानावर पडलेलं असतं. हे औषध एका झाडाच्या सालीत सापडलं. ते शोधणाऱ्या जोडीतले डॉ. मनसुख वाणी हे आपल्या नंदुरबारचे. जोडीतले थोरले म्हणजे डॉ. मन्रो वॉल. आज त्यांची ओळख करून घेऊ.

मन्रो वॉल यांचा जन्म २५ जुलै १९१६ रोजी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्क इथे झाला. रटगर्स विद्यापीठातून १९३९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेच्या शेती खात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. तिथे काम होतं कॉर्टिसोन बनवायला उपयोगी पडणारे पदार्थ वनस्पतींत शोधण्याचं. त्यासाठी हजारो वनस्पतींचे अर्क काढले आणि नीट नोंद करून ठेवले. ही नोंद करून ठेवायची सवय पुढे फार कामाला आली.

१९५७ मध्ये राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचे जोनाथन हार्टवेल त्यांना भेटले. वॉल यांनी साठवणीतले सुमारे एक हजार अर्क कॅन्सरच्या चाचणीसाठी पाठवून दिले. त्यांतला एकच अर्क फार जोरदार निघाला. तो 'कॅम्प्टोथेका' नावाच्या चिनी झाडाचा होता. ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर त्याचा परिणाम स्पष्ट दिसत होता. पण शेती खात्याच्या प्रयोगशाळेत कॅन्सरचं काम पुढे नेता येईना. म्हणून १९६० मध्ये वॉल यांनी जमलेली नोकरी सोडली आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. चव्वेचाळीसाव्या वर्षी! १९६२ मध्ये डॉ. वाणी तिथे त्यांना येऊन मिळाले.

आता मुख्य गोष्ट. अर्कात शेकडो पदार्थ असतात, त्यातला कामाचा कोणता हे कसं ओळखायचं? वर्गात शिट्टी कोण वाजवतंय ते कळत नसेल तर आपण काय करतो? अर्धा वर्ग बाहेर काढतो. शिट्टी आत वाजली की आतल्यांचे परत दोन भाग करतो. वॉल हेच करायचे. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग चाचणीला पाठवायचा, ज्यात परिणाम दिसेल त्याचेच पुन्हा भाग पाडायचे. असं करत करत एकच शुद्ध पदार्थ हाती येईपर्यंत. एकेका निकालाची वाट बघावी लागायची.

अशा रीतीने 'कॅम्प्टोथेसिन' मिळालं आणि १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. १९७२ मध्ये हाच पदार्थ गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय शास्त्रज्ञांना आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडला. त्यापायी नरक्याची चोरटी तोडही पुष्कळ झाली, ही वाईट बाजू.

टॅक्सॉलची सुरुवात अशीच. ऑगस्ट १९६२ मध्ये शेती खात्याचे वनस्पतीतज्ज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली. तिचा अर्क प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरच्या 'केबी' पेशी मारत होता. नुसत्या काचेतल्या पेशी मारणाऱ्या अर्काला तेव्हा फारसा भाव नव्हता. वॉल यांच्या मात्र लक्षात आलं होतं, की असे अर्क पुष्कळदा प्राण्यांवरही गुण दाखवतात. म्हणून त्यांनी असे नमुने मुद्दाम मागून घेतले. बारा किलो सुक्या सालीतून हातात आला फक्त अर्धा ग्रॅम पदार्थ! त्याची रचना १९७१ मध्ये छापून आली.

तरी औषध व्हायला अजून एकवीस वर्षं लागली. टॅक्सॉल पाण्यात विरघळत नाही, साल काढली की झाड मरतं, आणि ते वाढतंही अगदी हळू. १९७९ मध्ये सुसान हॉर्विट्झ यांनी ते पेशीचं विभाजन कसं अडवतं हे दाखवलं, तेव्हा रस वाढला. डिसेंबर १९९२ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. कॅम्प्टोथेसिनचं तर पहिलं पाऊलच चुकलं. सत्तरच्या दशकात पेशंटवर चाचण्या झाल्या, पण दुष्परिणाम इतके की त्या थांबवाव्या लागल्या. त्याच रेणूत बदल करून बनवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं १९९६ मध्ये मान्य झाली.

पालकांच्या ग्रुपवर अमुक पाल्याने कॅन्सरच्या पेशी मरतात असे मेसेज येतात ना, ते खोटेच असतात असं नाही. काचेतल्या पेशी खूप गोष्टींनी मरतात. कॅम्प्टोथेसिनचा तर ल्युकेमिया झालेल्या उंदरांवरही परिणाम दिसला होता, तरी माणसाला ते जसंच्या तसं देता आलं नाही. उपचार सोडून पाल्याचा रस पिणाऱ्या पेशंटला हा फरक कोणीतरी सांगायला हवा, म्हणून मी हा पाठ सविस्तर लिहिला.

वॉल आणि वाणी यांना २००० मध्ये कॅन्सर संशोधनासाठीचा केटरिंग पुरस्कार मिळाला. ६ जुलै २००२ रोजी डॉ. वॉल गेले. डॉ. वाणी २०२० पर्यंत होते.