पेशवाईतला विसरलेला चितारी

सवाई माधवराव आणि नाना फडणिसांचे तैलचित्र रंगवणारा जेम्स वेल्स अनेकांना ठाऊक असतो. त्याच्या हाताखाली काम केलेला गंगाराम चिंतामण तांबट मात्र खुद्द पुणेकरांनाही आठवत नाही.

पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा गंगारामने १७९० साली, वेल्स हिंदुस्थानात येण्याआधीच, जलरंगात उतरवला होता! पैलवानही त्याने छोट्या कागदांवर टिपले. दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने त्याला वेरूळला धाडले. तिथली लेणी रेखाटताना आपले गुरू दादाबा गोसावी यांच्यासह त्याने स्वतःलाही एका चित्रात बसवले.

मॅलेटने आपल्या वेरूळवरील लेखात त्याला श्रेय दिले. पण १८०३ साली लंडनहून निघालेल्या वेरूळच्या देखण्या चित्रसंग्रहावर नावे झळकली ती वेल्स आणि थॉमस डॅनिएल यांची. गंगारामची बरीच चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.