फादर एथेलबर्ट ब्लॅटर : रानोमाळ हिंडणारे प्राध्यापक

फाल्गुन मासीं आमच्या कोहमाऱ्याभोंवतालचीं रानें पळसाच्या फुलांनीं पेटल्यासारखीं दिसूं लागतात. हें दृश्य आम्हांस इतकें परिचयाचें आहे कीं, त्या झाडाचें कोणीं पुस्तकांत सविस्तर वर्णन करावें याचें थोडें नवलच वाटतें. तें वर्णन करणाऱ्या दोघांपैकीं एक येशूसंघी धर्मगुरु होते. आमच्या भागांतील मुलगे व मुली आतां गोंदियास, नागपुरास जीवशास्त्र शिकावयास जातात, आणि हें शिकून पुढें काय, ही विवंचना त्यांच्या आईबापांस लागून राहते. म्हणून त्या धर्मगुरूंचें, फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचें, चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

फादर ब्लॅटर यांचा जन्म 1877 सालीं स्वित्झर्लंडांतील आपेनझेल प्रांतीं झाला. 1903 सालीं ते मुंबईस सेंट झेवियर्स कॉलेजांत शिकविण्यासाठीं आले. फळ्यावर खडूनें काढलेल्या पानावरून वनस्पतिशास्त्र समजत नाहीं, हें कोणाही शिक्षकास ठाऊक असतें. फादरांनीं त्यावर उपाय केला. 1906 सालीं त्यांनीं कॉलेजांत हर्बेरियम, म्हणजे वाळविलेल्या वनस्पतींचें भांडार, स्थापिलें. फुलाफळांसकट डहाळी आणावी, कागदांच्या थरांत दाबावी, ओले झालेले कागद पुनःपुन्हा बदलावे, कसर लागूं नये म्हणून औषध लावावें, आणि शेवटीं जाड कागदावर बसवून ती कोणीं, कोठें, कोणत्या दिवशीं तोडली तें लिहून ठेवावें. मुंबईच्या पावसाळी हवेंत हें काम किती कटकटीचें असेल, याची कल्पना पापड-वड्या वाळविणाऱ्या आमच्या भगिनींस सहज येईल. बरें, एवढें करून चिठ्ठीवरील गांवाचें नांव चुकलें तर सारा खटाटोप फुकट.

1909 सालीं ते ईश्वरज्ञानाच्या अभ्यासासाठीं इंग्लंडास गेले, आणि तेथेंही क्यू येथील प्रसिद्ध वनस्पतिसंग्रहांत काम करीत राहिले. 1915 सालीं ते परतले तेव्हां महायुद्ध चालू होतें. मुंबईकडील जर्मन येशूसंघीयांस सरकारनें स्थानबद्ध करून पुष्कळांस देशाबाहेर धाडिलें. फादर ब्लॅटर स्विस असल्यामुळें राहूं शकले. पण मागें उरलेल्या थोड्या माणसांवर कामाचा डोंगर कोसळला. त्यांतच 1919 सालीं ते कॉलेजचे प्राचार्य झाले.

प्राचार्यपद मिळालें कीं पुष्कळांचें संशोधन तेथेंच थांबतें. रोज पत्रव्यवहार, परीक्षा, तक्रारी. रानांत जाणार केव्हां? फादर ब्लॅटर यांचें मात्र थांबलें नाहीं. आमच्या मतें याचें मर्म असें कीं, शिकविणें व शोध करणें अशीं दोन खातीं त्यांनीं पाडलींच नाहींत. सहकारी व तरुण साहाय्यक यांस त्यांनीं कामांत वाटेकरी केलें, आणि लेखांवर व ग्रंथांवर त्यांचीं नांवें आपल्या नांवाशेजारीं छापलीं. राजपुतान्यांतील वाळवंटाच्या वनस्पतींवर त्यांनीं हॉलबर्ग यांच्यासह लिहिलें, सिंधु नदीच्या मुखाकडील प्रदेशावर मॅकॅन व सबनीस यांच्यासह. साहाय्यकाचें नांव आभाराच्या एका ओळींत उरकण्याची रीत विद्वानांत नवी नाहीं, म्हणून हें सांगावेंसें वाटलें.

1924 सालीं प्राचार्यपद संपलें, आणि त्यांच्या लेखणीस जणुं बहर आला. 1926 सालीं हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथील ताडवर्गीय वृक्षांवरील मोठा ग्रंथ निघाला. आमच्या नाल्याकांठची शिंदी त्याच कुळांतली. पुढें काश्मीरच्या फुलांवर दोन भाग प्रसिद्ध झाले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते उपाध्यक्ष होते. 1932 सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीनें योहानेस ब्रूल स्मारक पदक प्रथम त्यांसच दिलें.

26 मे 1934 रोजीं त्यांचें देहावसान झालें. मॅकॅन यांच्यासह लिहिलेला मुंबई इलाख्यांतील गवतांवरील ग्रंथ 1935 सालीं बाहेर पडला. आमचा भाग तेव्हां मध्यप्रांतांत, म्हणून तो त्या ग्रंथाच्या हद्दीबाहेर. पण गवतास इलाख्याची हद्द कोठली! आरंभीं सांगितलेलें सुंदर वृक्षांचें पुस्तक, मिलार्ड यांच्यासह लिहिलेलें, 1937 सालीं निघालें. त्यांत पळस आहे. कॉलेजांतील भांडारास पुढें ब्लॅटर हर्बेरियम हें नांव मिळालें. तेथेंच फादर सांतापाव यांनीं काम पुढें नेलें, आणि कालांतरानें ते भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. एखाद्या झाडाच्या नांवाविषयीं शंका आली, कीं अभ्यासक आजही तेथें जाऊन ते जुने कागद काढून पाहतात.