पंडिता रमाबाई व पवित्र शास्त्र

शास्त्रवचन मुखोद्गत असणे निराळे व त्याचा अर्थ उमगणे निराळे, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून आम्हांस कळते. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीस बालपणीच संस्कृत ग्रंथ पाठ होते. पुढे इंग्लंडात पतित स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या, शोमरोनी स्त्रीची कथा वाचली, आणि प्रीतीची आज्ञा आचरणासाठी आहे हे ओळखून १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला.

१८८९ साली मुंबईत काढलेले शारदा सदन त्यांनी पुढल्याच वर्षी पुण्यास आणले. १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो निराधार मुलींना केडगावी आश्रय दिला. परंतु तत्कालीन मराठी बायबलाची संस्कृतप्रचुर भाषा या मुलींस कशी कळावी? म्हणून बाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा निवर्तली, तरी लेखणी थांबली नाही. भाषांतर संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. आश्रमातील स्त्रियांनीच छापलेला तो ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

विद्यार्थिमित्रहो, शास्त्रपाठाच्या परीक्षेत आपणांस पुष्कळ गुण मिळतील. पण वाचलेली आज्ञा दुर्बलांच्या उपयोगी पडली, तरच ती आपणांस समजली असे आम्ही मानतो.