वाळवंटाचा नायक, थंडीतला स्वार

डेव्हिड लीन यांचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ १९६२ साली पडद्यावर आला. पीटर ओटूलचे निळे डोळे, क्षितिजापर्यंत पसरलेली वाळू, उंटांचे तांडे आणि आपल्या आय. एस. जोहरने रंगवलेला गासिम एवढे बहुतेकांच्या लक्षात राहते. पण या चित्रपटाची सुरुवात वाळवंटात होत नाही. ती होते इंग्लंडमधल्या एका चिंचोळ्या, झाडीतल्या रस्त्यावर. एक माणूस आपली मोटारसायकल सज्ज करतो, भरधाव निघतो आणि काही क्षणांत सारे संपते. उंटावरचा लॉरेन्स जगाने डोक्यावर घेतला, पण तो उंटावर बसला जेमतेम दोन वर्षे. त्याच्या आयुष्याची अखेरची बारा-तेरा वर्षे फटफटीच्या सोबतीने गेली. आणि इंग्लंडमध्ये फटफटी चालवायची म्हणजे वर्षातले निम्मे महिने थंडीशी गाठ.

टॉमस एडवर्ड लॉरेन्स याचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधील ट्रेमाडॉग या गावी झाला. वडील आयर्लंडमधले जमीनदार सरदार. पहिली पत्नी व मुली मागे सोडून ते घरातल्या शिक्षिकेबरोबर निघून आले आणि आडनाव बदलून राहिले. म्हणजे लॉरेन्स हे आडनावच मुळी उसने! या जोडप्याला पाच मुलगे झाले, त्यांतला हा दुसरा. पुढे कुटुंब ऑक्सफर्डला स्थिरावले. तिथे शिकताना जुन्या किल्ल्यांच्या वेडापायी या पोराने सायकलवरून फ्रान्स पालथा घातला, सीरियात शेकडो मैल पायी भटकला. पुढे उत्खननाच्या कामावर अरबी बोलीही आत्मसात केली. पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध अरबांनी बंड केले, तेव्हा हा ठेंगणा, लाजाळू पदवीधर त्यांच्या गोटात जाऊन बसला.

वाळवंट म्हणजे उन्हाची भट्टी, अशी आपली समजूत असते. परंतु १९१८ च्या हिवाळ्यात आजच्या जॉर्डनमधील तफिले भागातल्या उंच पठारावर लॉरेन्सने जी थंडी सोसली, ती कोणत्याही उत्तरेकडल्या देशाला शोभली असती. जानेवारीच्या अखेरीस तिथे लढाई झाली. मग फेब्रुवारीत, लढणाऱ्या टोळ्यांना द्यायची सोन्याची नाणी घेऊन तो बर्फातून परत निघाला. सांडणीचे पाय बर्फात रुतत, ती बसकण मारी. हा खाली उतरून हातापायांनी बर्फ उकरत तिला वाट करून देई. अंगावर अरबी पायघोळ वस्त्रे, पाय गारठलेले. तरी तो पोहोचलाच. शरीर थांबा म्हणत असताना पुढे जात राहायचे, ही त्याची खोड तेव्हापासूनची.

युद्ध संपले आणि अरबांना दिलेली वचने मोडली गेली. त्या प्रदेशाची वाटणी इंग्रज आणि फ्रेंचांनी आपसात केली. लॉरेन्सला ती फसवणूक स्वतःची वाटली. १९१८ च्या ऑक्टोबरअखेर खुद्द राजे पंचम जॉर्ज यांच्या हातून मिळणारा सन्मान त्याने नम्रपणे नाकारला. पण कीर्तीने पाठ सोडली नाही. लोवेल थॉमस या अमेरिकन पत्रकाराने १९१९ मध्ये लंडनला त्याच्या पराक्रमाचे सचित्र कार्यक्रम लावले आणि त्यांना गर्दी लोटली. मग कर्नल असलेल्या या माणसाने १९२२ च्या ऑगस्टमध्ये रॉस असे खोटे नाव घेऊन हवाई दलात अगदी खालच्या पायरीवर नोकरी धरली. वर्षअखेरीस वर्तमानपत्रांनी बिंग फोडले आणि नोकरी गेली. १९२३ मध्ये शॉ या नावाने तो रणगाडा दलात शिरला आणि १९२५ मध्ये पुन्हा हवाई दलात आला.

या काळात त्याला मनाजोगती सोबत मिळाली ती ‘ब्रफ सुपीरियर’ मोटारसायकलची. नॉटिंगहॅमचे जॉर्ज ब्रफ या गाड्या मोजक्याच बनवत. मोटारसायकलींमधली रोल्स-रॉइस अशी तिची ख्याती होती, आणि ‘एसएस १००’ या मॉडेलला ताशी शंभर मैल वेगाची हमी असे. लॉरेन्सने एकामागून एक अशा सात गाड्या वापरल्या. आठवी मागवलेली होती. गाडीला तो लाडाने बोअनर्जिस म्हणे. बायबलमध्ये येशूने आपल्या दोन शिष्यांना दिलेले हे नाव, अर्थ मेघगर्जनेचे पुत्र! १९२६ च्या सप्टेंबरपर्यंत या गाड्यांवर त्याचे एक लाख मैल झाले होते. लिंकनशायरमधल्या क्रॅनवेलच्या तळावरून सुट्टी मिळाली की तो सुसाट निघे. बराकीतल्या सोबत्यांसाठी लिंकनहून खाण्याच्या जिनसा आणायच्या, हे निमित्त त्याला पुरत असे.

हिवाळ्यात मोटारसायकल चालवणे म्हणजे काय, हे ज्यांनी डिसेंबरात पहाटे नाशिक-पुणे रस्ता गाठला आहे, त्यांना थोडेफार ठाऊक असेल. हवा जेवढी गार, त्याहून ती वेगामुळे अधिक गार लागते, कारण अंगाभोवतीची ऊब वारा सतत ओरबाडून नेतो. आधी बोटे जातात. क्लच आणि ब्रेक ज्या बोटांनी दाबायचे, तीच लाकडासारखी होतात. चष्म्यावर बाष्प धरते. शरीर आखडले की हातही आखडतात आणि गाडीचे वळणे जड होते. इंग्लंडमध्ये त्यात भर पडते ती रस्त्यावर गोठलेल्या पाण्याच्या पातळ थराची. तो काचेसारखा पारदर्शक असल्याने डांबर ओले आहे असेच वाटते. चाक त्यावर आले की पकड संपली. तिथे ब्रेक दाबणे म्हणजे पडणे!

१९२५ च्या नाताळाआधी लॉरेन्सच्या वाट्याला हेच आले. अंधार, ओल आणि बर्फ. ताशी सुमारे ५५ मैलांच्या वेगात गाडी घसरली. गुडघा, घोटा, कोपर दुखावले, कपडे फाटले; गाडीचे हँडल, पुढचे मडगार्ड, फूटरेस्ट बदलावे लागले. काही दिवस तो लंगडत होता. मित्राला त्याने हे सारे कळवले ते एखाद्या दुरुस्तीच्या बिलाची यादी लिहावी तसे. पुढल्याच हिवाळ्यात लंडनच्या इस्लिंग्टन भागात, लाकडी ठोकळ्यांच्या निसरड्या रस्त्यावर तो पुन्हा आपटला. त्या मोडक्या गाडीचे शंभर पौंड आले. या वेळी नवी गाडी घेण्यात अर्थ नव्हता, कारण त्याची बदली हिंदुस्थानात झाली होती.

जाण्यापूर्वी, १९२६ च्या नोव्हेंबरात, तो डॉर्चेस्टरला टॉमस हार्डी यांचा निरोप घेण्यास गेला. थोर कादंबरीकार हार्डी तेव्हा ८६ वर्षांचे होते. या दोघांचा जिव्हाळा मोठा. निरोपाच्या वेळी म्हातारबुवा दारापर्यंत आले. गारठा होता आणि फटफटी काही केल्या चालू होईना. अजून वेळ लागेल असे वाटून हार्डी शाल आणायला आत वळले. इकडे लॉरेन्सला काळजी वाटली की, आपल्यापायी या वृद्धाला थंडी बाधेल. गाडी सुरू होताच तो घाईने निघून गेला. शाल पांघरून हार्डी बाहेर आले तेव्हा अंगण रिकामे होते. आपल्याला त्याला जाताना पाहायचे होते, याची त्यांना फार हळहळ वाटली. पुन्हा भेट झालीच नाही. ११ जानेवारी १९२८ रोजी हार्डी वारले, तेव्हा लॉरेन्स कराचीत होता.

ही कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. म्हणजे अरबस्तानचा हा अनभिषिक्त राजा काही काळ आपल्याच इलाख्यात, हवाई दलाच्या तळावर कारकुनी करत होता. पुढे वायव्य सरहद्दीवरच्या मिरामशाहला त्याने होमरचे ‘ओडिसी’ इंग्रजीत आणण्याचे काम चालवले. अफगाणिस्तानातल्या उठावामागे त्याचाच हात आहे अशी आवई उठली, आणि सरकारने १९२९ च्या जानेवारीत त्याला परत पाठवले. मायदेशी नवी ब्रफ वाट पाहत होती, बर्नार्ड शॉ पती-पत्नी आणि मित्रांनी दिलेली भेट.

नंतरची वर्षे त्याच्या खऱ्या समाधानाची. समुद्रात पडलेल्या वैमानिकांना वाचवणाऱ्या वेगवान बोटी तयार करण्याच्या कामात तो रमला. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी, ऐन थंडीत, तो निवृत्त झाला आणि ब्रिडलिंग्टनहून साध्या सायकलवर निघाला. तुटपुंज्या मिळकतीत ब्रफचा खर्च आता परवडेल की नाही, याची त्याला चिंता होती. डॉर्सेटमधल्या क्लाउड्स हिल या छोट्या घरात शांतपणे राहायचे, एवढाच बेत होता.

तो जेमतेम अडीच महिने टिकला. १३ मे रोजी बोव्हिंग्टनच्या छावणीतून एका लेखकमित्राला जेवणाचे निमंत्रण तारेने धाडून लॉरेन्स मोटारसायकलवर घरी परतत होता. उंचसखल रस्त्यावर अचानक सायकलवरची दोन मुले समोर आली. त्यांना चुकवताना तो फेकला गेला. बर्फावरून वाचलेला माणूस मे महिन्यात, घराच्या उंबरठ्याशी पडला. डोक्यावर टोपीसुद्धा नव्हती. सहा दिवस बेशुद्धीत काढून १९ मे १९३५ रोजी तो गेला. वय ४६. मोरेटनच्या दफनविधीला चर्चिल आले होते. लॉरेन्स दुसऱ्याला कधी धोक्यात घालत नसे, अशी ग्वाही पुढे जॉर्ज ब्रफ यांनी दिली.

त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. मोटारसायकलस्वारांच्या डोक्याला होणाऱ्या इजांचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार मेले होते. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त केर्न्स यांना अवघे सात सापडले, आणि त्यांतला एकही दगावला नव्हता. त्याच वर्षी लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये सर्वांसाठी तशी सक्ती १९७३ मध्ये आली. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम तेच सांगते.

थंडीच्या दिवसांत आपल्या घरातून कुणी दुचाकीवर निघाले की स्वेटर, मफलर, माकडटोपी यांची आठवण हमखास केली जाते. ही माया हार्डींच्या शालीच्याच जातीची. हेल्मेट मात्र बऱ्याचदा गाडीच्या आरशाला किंवा कोपराला लटकलेले असते. केस गळतात, मान अवघडते, जवळच तर जायचे आहे, अशी कारणे तयार असतात. लॉरेन्सही त्या दिवशी जवळच गेला होता. छावणीपासून त्याचे घर दीड-दोन मैलांवर होते.