कलचाचणीच्या आधीचे पार्सन्स
कलचाचणीला बसणाऱ्या विद्यार्थ्यांना फ्रँक पार्सन्स हे नाव क्वचितच ठाऊक असते. १८५४ मध्ये न्यू जर्सीत जन्मलेले पार्सन्स कॉर्नेल विद्यापीठातून स्थापत्य अभियंता झाले. परंतु १८७३ च्या मंदीत रेल्वेतील नोकरी गेली. मग लोखंडाच्या कारखान्यात मजुरी, शाळेत मास्तरकी, पुढे वकिली आणि कायद्याचे अध्यापन. इतक्या वाटा तुडवलेल्या माणसाला योग्य निवडीचे मोल कळणे स्वाभाविकच. जानेवारी १९०८ मध्ये बोस्टनच्या नॉर्थ एंड या स्थलांतरितांच्या वस्तीत त्यांनी व्यवसाय मार्गदर्शन केंद्र उघडले. आवड, कुवत आणि मर्यादा यांविषयीचे शंभरहून अधिक प्रश्न ते तरुणांना घरी नेऊन सोडवायला देत. निर्णय मात्र ज्याचा त्यानेच घ्यायचा. गुण देणाऱ्या छापील चाचण्या पुष्कळ नंतर आल्या. त्याच सप्टेंबरात पार्सन्स निवर्तले. ‘चूझिंग अ व्होकेशन’ हा त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला.