आडोल्फ फिक

आडोल्फ ऑयगेन फिक (३ सप्टेंबर १८२९, कासेल – २१ ऑगस्ट १९०१, ब्लांकेनबर्ग, बेल्जियम) हे जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक होते. विसरणाचे दोन नियम आणि हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताचे मापन करण्याचे तत्त्व यांसाठी ते ओळखले जातात. शरीरातील प्रक्रिया समजून घेण्यासाठी त्यांनी मांडलेले विसरणाचे नियम पुढे अभियांत्रिकीतही उपयोगी पडले. इपॉक्सी आसंजकांत (चिकटद्रव्यांत) ओलावा किती वेगाने शिरतो, याचे गणित त्यांवरच आधारलेले आहे.

जीवन

फिक हे नऊ भावंडांत सर्वांत धाकटे होते. मारबर्ग विद्यापीठात त्यांनी प्रथम गणिताचा अभ्यास केला. परंतु थोरल्या भावाच्या सल्ल्यावरून ते वैद्यकाकडे वळले. १८५१ मध्ये दृष्टिवैषम्यावरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. १८५२ मध्ये ते कार्ल लुडविग यांचे साहाय्यक म्हणून झुरिकला गेले आणि पुढे तेथेच प्राध्यापक झाले. १८६८ पासून १८९९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते वुर्ट्‌सबर्ग विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते.

विसरणाचे नियम

थॉमस ग्रॅहॅम यांनी द्रवांतील विसरणाची अनेक मापने केली होती. परंतु त्यांमागील गणिती नियम मांडला गेला नव्हता. उष्णतेच्या वहनाविषयी फूरिये यांनी आणि विजेच्या वहनाविषयी ओम यांनी मांडलेले नियम विरघळलेल्या पदार्थालाही लागू पडावेत, असे फिक यांनी गृहीत धरले. विसरणाचा वेग संहतीच्या उताराच्या प्रमाणात असतो, हा त्यांचा पहिला नियम होय. एखाद्या ठिकाणची संहती काळानुसार कशी बदलते, हे दुसरा नियम सांगतो. १८५५ मध्ये हे नियम प्रसिद्ध झाले, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. तळाशी मीठ आणि वर गोडे पाणी असलेल्या नळीत संहती उंचीनुसार एकसारखी घटत जाते, असे त्यांनी प्रयोगाने दाखविले.

इपॉक्सी आसंजके आणि ओलावा

इपॉक्सी आसंजके १९४० च्या दशकात बाजारात आली, म्हणजे फिक यांच्या मृत्यूनंतर सुमारे चार दशकांनी. इपॉक्सीचा नमुना पाण्यात ठेवून वेळोवेळी त्याचे वजन केल्यास, वजनातील वाढ आरंभी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते आणि नंतर स्थिरावते. आरंभीच्या सरळ रेषेच्या चढावरून विसरण गुणांक काढता येतो. नमुन्याची जाडी दुप्पट केल्यास तितकाच ओलावा मुरण्यास चौपट काळ लागतो. त्यामुळे पातळ नमुन्यावरील चाचणीतून जाड भागाचे अनुमान करता येते.

आत शिरलेले पाणी बहुवारिकाच्या साखळ्यांना सैल करते. त्यामुळे आसंजकाचा ताठरपणा आणि बळ कमी होते, ते कमी तापमानालाच मऊ पडू लागते आणि फुगल्याने सांध्यात ताण निर्माण होतात. वाळविल्यावर यांपैकी बराचसा परिणाम नाहीसा होतो. मात्र धातू आणि आसंजक यांच्या सीमेवरील बंध तुटल्यास किंवा धातू गंजल्यास झालेली हानी भरून येत नाही.

फिक यांचे नियम पाणी कोठे, केव्हा आणि किती पोहोचेल एवढेच सांगतात. सांध्याचे बळ किती घटेल, हे स्वतंत्र चाचण्यांवरूनच ठरवावे लागते. काही इपॉक्सींत पाण्याचे रेणू साखळ्यांशी बांधले जातात व वजन दीर्घकाळ वाढत राहते. अशा वेळी सुधारित समीकरणे वापरली जातात.

अन्य कार्य

१८५६ मध्ये फिक यांनी वैद्यकीय भौतिकीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १८६५ मध्ये त्यांनी योहानेस व्हिस्लिसेनुस यांच्यासह प्रथिनरहित आहार घेऊन स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न पर्वत चढला. मूत्रातील नायट्रोजनाच्या मापनावरून, केवळ प्रथिनांपासून स्नायूंना एवढी ऊर्जा मिळणे शक्य नाही, असे त्यांनी दाखवून दिले. शरीराने घेतलेल्या ऑक्सिजनाला धमनी व नीला यांतील रक्ताच्या ऑक्सिजन-प्रमाणातील फरकाने भागल्यास रक्तप्रवाह मिळतो, हे तत्त्व त्यांनी १८७० मध्ये मांडले. ते आजही हृदयरोगचिकित्सेत वापरले जाते.

डोळ्यावर बसविण्याचे स्पर्शभिंग तयार करणारे आडोल्फ गास्टन ऑयगेन फिक हे त्यांचे पुतणे होत. नामसाम्यामुळे दोघांची गल्लत होते.