साधु एडन : इंग्रजांचा आयरिश गुरु

आमच्या खेड्यापाड्यांतून गोऱ्या मिशनरी साहेबास सरसकट इंग्रज म्हणण्याची चाल होती. परंतु सन १८२९ मध्यें मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन हे स्कॉच होते, आणि सन १८४१ पासून काठेवाडांत काम करणारें प्रेस्बिटेरियन मिशन आयर्लंडचें होतें. इंग्रज, स्कॉच व आयरिश हे तीन निरनिराळे लोक असून त्यांच्यामध्यें शेंकडों वर्षें युद्धें, जुलूम व हेवेदावे चालले, हें इतिहास वाचणारांस ठाऊक आहे. तथापि त्या वैराच्या पुष्कळ आधीं या तिन्ही लोकांचे धागे एका गरीब साधूच्या आयुष्यांत एकत्र विणले गेले होते. त्या एडनाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. त्या काळीं स्कॉट हें नांव आयर्लंडांतील लोकांचें होतें. त्यांच्यापैकीं कांहींजण अरुंद समुद्र ओलांडून ब्रिटनच्या वायव्य किनाऱ्यावर वसले, आणि पुढें त्यांच्याच नांवावरून त्या साऱ्या उत्तर देशास स्कॉटलंड म्हणूं लागले. सन ५६३ मध्यें कोलंबा नांवाचा आयरिश साधु बारा सोबत्यांसह तेथें आला, व आयोना नांवाच्या लहानशा बेटावर त्यानें मठ स्थापिला. एडन हा याच मठांतला.

त्यांच्या दक्षिणेस इंग्रज लोक होते. जर्मनी व डेन्मार्क यांच्या किनाऱ्यांकडून येऊन त्यांनीं ब्रिटनमध्यें आपलीं राज्यें स्थापिलीं होतीं. त्यांपैकीं उत्तरेकडील नॉर्थम्ब्रियाचा राजा एथेल्फ्रिथ हा मोठा लढवय्या असून ख्रिस्ती नव्हता. सन ६०३ मध्यें त्यानें स्कॉट लोकांच्या सैन्याचा पुरता मोड केला. पुढें सन ६१६ मध्यें तो स्वतः लढाईंत पडला, आणि राज्य दुसऱ्या घराण्याकडे गेल्यामुळें त्याच्या मुलांस जीव घेऊन पळावें लागलें. तीं मुलें गेलीं कोठें? ज्यांच्या सैन्याची त्यांच्या बापानें कत्तल केली होती, त्यांच्याकडेच! त्या लोकांनीं शत्रूच्या पोरांवर सूड उगविला नाहीं. उलट त्यांस आसरा दिला. त्या मुलांपैकीं ओस्वाल्ड हा तेव्हां बारा वर्षांच्या सुमाराचा होता. परदेशांत तो आयरिश भाषा शिकला व बाप्तिस्मा पावला.

सन ६३४ च्या सुमारास ओस्वाल्डानें बापाचें राज्य परत मिळविलें. आपल्या प्रजेस शुभवर्तमान कळावें म्हणून त्यानें आयोनास निरोप पाठवून एक बिशप मागितला. मठानें प्रथम जो मनुष्य धाडिला, तो फार कडक स्वभावाचा होता. लोक त्याचें ऐकेनात. कांहीं काळानें तो परत गेला आणि सभेंत सांगूं लागला कीं, हे इंग्रज हट्टी व रानटी असून त्यांस कांहींएक शिकवितां येणार नाहीं. सभा चिंतेंत पडली. तेव्हां एडनानें सौम्यपणें असें सुचविलें कीं, अशिक्षित श्रोत्यांशीं या बंधूनें वाजवीपेक्षां अधिक कडकपणा केला असावा. प्रेषितांच्या शिकवणीप्रमाणें आधीं दूध पाजून मग हळूहळू जड अन्न द्यावयास हवें होतें. हें ऐकून सर्वांचे डोळे त्याच्याकडे वळले, व तोच या कामास योग्य असें एकमतानें ठरलें. दुसऱ्याची चूक दाखविणाराच्या गळ्यांत तें काम पडलें, आणि त्यानें तें सोळा वर्षें, मरेपर्यंत, केलें.

सन ६३५ मध्यें राजानें त्यास लिंडिस्फार्न हें बेट दिलें. भरतीच्या वेळीं हें चहूंकडून पाण्यानें वेढलें जातें व ओहोटीच्या वेळीं वाळूवरून तेथें चालत जातां येतें. राजाचा बँबरोचा किल्ला तेथून जवळच होता. पण एडनास इंग्रजी भाषा नीट येत नसे. तेव्हां तो उपदेश करी आणि राजा ओस्वाल्ड आपल्या सरदारांपुढें दुभाष्याचें काम करी. एथेल्फ्रिथाचा पुत्र एका स्कॉट उपदेशकाचे शब्द इंग्रजांस समजावून सांगत उभा आहे, हा देखावा वाचकांनीं क्षणभर मनांत आणावा. वनवासांत शिकलेली परक्यांची भाषा अशा रीतीनें देवाच्या उपयोगीं पडली.

एडन गांवोगांव पायींच फिरे. कारण घोड्यावर बसलेल्या मनुष्यास वाटेवरच्या गरिबाशीं थांबून बोलणें सोपें नसतें. जो भेटेल, तो श्रीमंत असो कीं दरिद्री, त्याच्याशीं तो बोले. सोबतच्या मंडळीस चालतां चालतां शास्त्र वाचणें किंवा स्तोत्रें पाठ करणें भाग असे. धनवानांनीं दिलेला पैसा तो गरिबांस वांटी, किंवा अन्यायानें गुलाम म्हणून विकलेल्या लोकांस सोडविण्याकडे खर्च करी. आणि असे सुटलेले पुष्कळ लोक त्याचे शिष्य होऊन पुढें उपाध्याय झाले. त्यानें बारा इंग्रज मुलेंहि शिकवावयास घेतलीं. त्यांतील ईटा हा पुढें मेलरोझच्या मठाचा प्रमुख झाला.

ओस्वाल्ड सन ६४२ मध्यें लढाईंत मारला गेला. त्यानंतर त्या देशाच्या दक्षिण भागांत ओस्विन नांवाचा राजा झाला. त्याचाहि एडनावर लोभ होता. नद्या ओलांडतांना उपयोगीं पडावा म्हणून त्यानें एडनास एक उत्तम घोडा सरंजामासह दिला. थोड्याच दिवसांत वाटेंत एका भिकाऱ्यानें हात पसरला, आणि एडनानें खालीं उतरून तो घोडा खोगिरासकट त्याच्या हवालीं केला. राजास तें रुचलें नाहीं. त्यानें विचारलें कीं, हलका घोडा देतां आला नसता काय? एडनानें उलट विचारलें कीं, घोडीचें पोर राजास देवाच्या लेंकरापेक्षां प्रिय आहे काय? राजा शेकोटीपाशीं विचार करीत उभा राहिला. मग कमरेची तरवार सोडून त्यानें एडनाचे पाय धरले व क्षमा मागितली. एडनाच्या डोळ्यांस पाणी आलें. त्यानें आपल्या सोबत्यास आयरिश भाषेंत सांगितलें कीं, असा नम्र राजा या लोकांत फार दिवस राहणार नाहीं.

तसेंच झालें. सन ६५१ च्या ऑगस्ट महिन्याच्या २० तारखेस ओस्विनाचा घात झाला, आणि तो करविणारा ओस्वी हा ओस्वाल्डाचा भाऊ होता. त्यानेंहि स्कॉटांच्या आश्रयांतच बाप्तिस्मा घेतला होता! नुसत्या बाप्तिस्म्यानें राज्यलोभ सुटत नाहीं, हेंच त्यावरून दिसतें. अकरा दिवसांनीं, ३१ ऑगस्ट रोजीं, बँबरोजवळ देवळाच्या लांकडी टेकूस टेकून एडनानें प्राण सोडिला.

पण त्याचें काम थांबलें नाहीं. कथबर्ट नांवाचा मेंढपाळ त्याच सुमारास मेलरोझच्या मठांत गेला व पुढें लिंडिस्फार्नचा बिशप झाला. पुष्कळ इंग्रज तरुण, सरदार व साधे लोकहि, विद्येसाठीं आयर्लंडास जाऊं लागले, आणि आयरिश लोक त्यांस अन्न, पुस्तकें व शिक्षण फुकट देत. सन ६६४ मध्यें व्हिटबीच्या सभेंत पुनरुत्थानाच्या सणाची तारीख कोणती, या वादांत रोमचा पक्ष सरस ठरला, तेव्हां आयरिश बिशप कोलमन स्वदेशीं निघाला. त्याच्याबरोबर सुमारें तीस इंग्रजहि निघाले. त्यांच्यासाठीं त्यानें आयर्लंडांत मेयो येथें मठ स्थापिला. हें सर्व आम्हांस मुख्यतः बीड नांवाच्या इंग्रज साधूच्या सन ७३१ मधील इतिहासावरून कळतें. त्यास एडनाची सणाची गणना मुळींच मान्य नव्हती. तरी एडनाच्या आचरणाची त्यानें मोकळ्या मनानें स्तुति केली आहे.

पुढें काळ फिरला. सन ११६९ पासून इंग्लंडच्या राजाचे सरदार आयर्लंडांत शिरले. सन १३१४ मध्यें बॅनकबर्न येथें इंग्रज व स्कॉच यांची मोठी लढाई झाली. सन १६४९ मध्यें क्रॉमवेलच्या सैन्यानें आयर्लंडांत भयंकर रक्तपात केला. ज्यांनीं आपल्यास अक्षरओळख व शुभवर्तमान दिलें, त्याच आयरिशांस इंग्रज रानटी म्हणूं लागले. एडनाच्या आधीं आलेल्या त्या कडक उपदेशकानें इंग्रजांविषयीं हाच शब्द वापरला होता! एकदां तो शब्द या तोंडून निघाला, एकदां त्या. आणि दोन्ही वेळां तो खोटाच होता.

आमच्या मंडळ्यांतहि अमक्या वस्तीच्या लोकांस कांहीं शिकवितां येणार नाहीं, असें बोलणें अधूनमधून ऐकूं येतें. तें ऐकूं आलें म्हणजे एडनाची आठवण व्हावी. त्यानें त्या बोलण्यावर वाद घातला नाहीं. तो उठला आणि पायीं चालूं लागला.